इर्जिक

खेळणी मोडणारा एक तरी पोरगा प्रत्येक आळीत असतो. आमच्या आळीत असा एक होता. शेजारच्या मुलाची चावीची मोटार हातात आली, की ती चालवून बघण्याची त्याला उत्सुकता नसे. तो थेट तिचे पत्रे उचकटू लागे. आयाबायांनी त्याच्या नावाने बोटे मोडली, मास्तरांनी छड्या मोडल्या, पण त्याचे मोडणे काही थांबले नाही. अशा पोराचे नाव कोणी कौतुकाने एखाद्या गोष्टीला देईल, हे त्या वेळी मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

पण एक मंडळी अशी आहेत, की त्यांनी ते दिले आहे. १९९५ साली 'टॉय स्टोरी' नावाचा एक बोलपट आला. त्यात सिड नावाचा शेजारचा मुलगा आहे. एका बाहुलीचे मुंडके उपटून ते दुसरीच्या धडावर बसवणे, हा त्याचा छंद. आता 'डेबियन' नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केल्यावर जी आधी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती मूळ व्यवस्था. तिची प्रत्येक पक्की आवृत्ती त्या बोलपटाच्या मालिकेतल्या एकेका पात्राच्या नावाने निघते. २०२३ साली निघाली ती 'बुकवर्म', २०२५ च्या ऑगस्टमध्ये निघाली ती 'ट्रिक्सी'. परंतु पक्का होण्यापूर्वी सगळा नवा माल ज्या ओसरीवर येऊन पडतो, जिथे तो उघडला जातो, मोडतो आणि पुन्हा सांधला जातो, त्या ओसरीचे नाव कधीच बदलत नाही. ती कायमची 'सिड'.

हे सारे मला ठाऊक असण्याचे तसे काही कारण नाही. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक आणि त्यावर ड्रॉइंगच्या परीक्षा, एवढीच माझी विद्या. सुटीत कादंबऱ्या लिहितो. त्यांतल्या तीन छापून आल्या आहेत आणि एक अजून प्रकाशकाच्या कपाटात आहे. पण शाळेतली कॉम्प्युटरची खोली चित्रकलेच्या खोलीला लागून आहे, आणि ज्याच्या कमरेला किल्ली त्याच्याच गळ्यात ते खाते, हा शाळांचा सनातन रिवाज. त्या खोलीत आठ कॉम्प्युटर होते. पुण्यातल्या एका कचेरीने टाकून दिलेले. सुरू केले की ते चुलीवरच्या आधणासारखे आवाज करीत आणि अर्ध्या तासाने एखादे चित्र दाखवीत. मुले तोवर खिडकीतून चिंचा पाडून येत.

माझा भाचा एका मे महिन्यात आला आणि त्याने दोन दिवसांत त्या आठांवर डेबियन चढवून दिले. मग त्यांत लहान मुलांसाठी असलेला 'टक्स पेंट' हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम घातला. पुढच्या सोमवारी सातवीच्या मुलांनी त्या म्हाताऱ्या यंत्रांवर आंब्याची झाडे काढली. एकाने तर आंबे निळे काढले. मी विचारले, पैसे किती झाले? तो म्हणाला, "कसले पैसे मामा? हे सगळ्यांचंच आहे." या उत्तराने मी अधिकच सावध झालो. सगळ्यांचे म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा कुणाचेच नसते, हा माझा ग्रामपंचायतीच्या दिव्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे.

पण डेबियन खरोखरच सगळ्यांचे आहे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केले. त्याच्या त्या वेळच्या प्रेयसीचे नाव डेब्रा. दोघांची नावे जोडून त्याने 'डेबियन' केले. आपल्याकडे बंगल्यांना अशी नावे देतात. पुढे त्या दोघांचा संसार राहिला नाही, मर्डॉक स्वतःही २०१५ साली गेला. पण बंगला उभाच आहे, आणि त्यात आता जगभरचे बिऱ्हाडकरू आहेत. जबाबदार सभासद सुमारे हजारभर, त्यांच्या हाताखाली मदत करणारे आणखी कितीतरी, आणि ट्रिक्सीतली पॅकेजे ६९,००० हून अधिक. पॅकेज म्हणजे एकेका प्रोग्रामची बांधून ठेवलेली पुरचुंडी. प्रत्येक पुरचुंडीला एक पालक असतो. पालक नाहीसा झाला तर त्या मंडळींच्या भाषेत ती पुरचुंडी 'पोरकी' होते, आणि कुणी पुढे आले तर तिला 'दत्तक' घेतले जाते. हे शब्द माझे नव्हेत, त्यांचेच आहेत. ज्या माणसांना यंत्राविषयी बोलताना पोरके आणि दत्तक हे शब्द सुचले, ती माणसे अगदीच कोरडी नसावीत, असे मी त्या दिवशी मनात म्हटले.

भाचा पुण्याला नोकरी करतो आणि रात्री हे करतो. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ते मुळीच पसंत नाही. "दिवसा साहेबाची चाकरी, रात्री फुकटची. एवढ्या रात्री अभ्यासाला जागला असता तर कलेक्टर झाला असता," हे तिचे ठरलेले वाक्य. ती मला म्हणे, "तू तरी सांग त्याला. तुझं ऐकतो." मी सांगायला म्हणून त्याच्याशेजारी बसलो आणि ऐकतच राहिलो.

त्याचे काम काय, ते समजायला मला वाड्याची आठवण उपयोगी पडली. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे आणि एक विहीर. रहाट सामाईक, दोर सामाईक, पण घागरी ज्याच्या त्याच्या. उद्या कुणी भल्या हेतूने रहाट बदलला आणि त्याच्या नव्या फासात फक्त रुंद गळ्याची घागर बसू लागली, तर अरुंद गळ्याच्या घागरी असलेली पाच बिऱ्हाडे तहानलेली राहणार. रहाट सुधारणाऱ्याचे चुकले नाही, घागरवाल्यांचेही नाही. कॉम्प्युटरातही असेच आहे. अक्षरे उमटवणे, चित्र उघडणे, निरोप कुलूपबंद करणे, अशी कामे प्रत्येक प्रोग्राम स्वतः करीत बसत नाही; त्यासाठी सामाईक सामान असते. त्या सामानाची नवी आवृत्ती आली, की तिच्यावर विसंबलेली शेकडो पॅकेजे अडतात. मग त्यांतले कोण अडले, कशाने अडले, दुरुस्ती कोणी लिहायची, कोणाला कळवायचे आणि कोणत्या दिवशी सगळ्यांनी एकदम नव्या रहाटावर जायचे, हे ठरवणे आले. माझा भाचा त्या ठरवणाऱ्यांतला, सर्वांत खालच्या पायरीवरचा एक.

मोठे रहाट बदलायचे तर आधी नंबर लावावा लागतो. तो देणारी एक वेगळी मंडळी आहे. दोन मोठे बदल एकदम सुरू झाले तर एकमेकांत अडकतात आणि दोन्ही जागच्या जागी बसतात. एका बोळात दोन वराती समोरासमोर यायच्या तसे. नवा रहाट आधी बाजूच्या खोलीत बसवून पाहतात. त्याच्यावर विसंबलेली सगळी पॅकेजे पुन्हा बांधून बघतात, आणि जी बांधली जात नाहीत त्यांच्या नावे एकेक तक्रार नोंदवतात. प्रत्येक तक्रारीला क्रमांक असतो. त्या वहीतल्या क्रमांकांनी २०२१ सालीच दहा लाखांचा आकडा ओलांडला. मग नंबर आला, की सारे सिडमध्ये उतरते. तिथे दोन ते दहा दिवस काढून, कोणाची गंभीर तक्रार नाही असे ठरले, तरच ते पुढच्या खोलीत जाते.

यात मला सर्वांत नवल वाटले ते एका चालीचे. एखादे पॅकेज मोडले आहे, पालक उत्तर देत नाही, आणि दुरुस्ती तुम्हाला सापडली आहे. तुम्ही काय कराल? मी तर घुसून करून टाकीन. ही मंडळी तसे करीत नाहीत. दुरुस्ती लिहून आधी तक्रारीच्या वहीत उघडपणे चिकटवतात. मग ती अशा एका रांगेत ठेवतात, की ती आपोआप आत जायला पाच दिवस लागावेत, किंवा दहा. तेवढ्यात पालक जागा झाला, त्याला पटले नाही, तर तो ती बाहेर काढू शकतो. दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा तर आधी कडी वाजवून पाच दिवस दारात उभे राहायचे! आमच्या गावात बांधावरून कुऱ्हाडी निघतात, तेव्हा ही रीत ऐकून माझा कान सुखावला.

माझे वडील इर्जिकीला जात. नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागेल. एखाद्याची नांगरट अडली, बैल कमी पडले, घरात कोणी आजारी झाले, की गावातली मंडळी आपापली औते घेऊन एके दिवशी त्याच्या रानात उतरत. मजुरी नाही. दिवस मावळला की रानमालकाने जेवण घालायचे, बस्स. पण मालकाने बोलावल्याशिवाय कोणी उतरत नसे. भर उन्हात दुसऱ्याचे रान नांगरून आलेला बाप उजळलेल्या तोंडाने घरी यायचा, ते मी पाहिले आहे. मी अक्काला म्हटले, "अगं, हा इर्जिकीला जातो." ती म्हणाली, "आप्पांना संध्याकाळी जेवायला तरी मिळायचं." यावर मला उत्तर सुचले नाही.

२०२४ सालचा फाल्गुन मात्र मी विसरणार नाही. त्या वेळी डेबियनमध्ये घड्याळ बदलण्याचे काम चालले होते. कॉम्प्युटर वेळ कशी मोजतो? १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढाच आकडा तो जवळ बाळगतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत या आकड्यासाठी ठेवलेली जागा लहान आहे. २,१४७,४८३,६४७ च्या पुढे तीत मावत नाही. तो आकडा भरेल १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. वार मंगळवार. पुढच्या सेकंदाला त्या यंत्राला वाटेल, की आपण १९०१ सालच्या डिसेंबरात आहोत. लोकमान्य अजून 'केसरी'त लिहीत आहेत, अशा समजुतीने ते बिचारे हिशेब करू लागेल. आता नव्या मोठ्या कॉम्प्युटरांत ही जागा मुळातच ऐसपैस आहे. अडचण होती ती लहान, स्वस्त, भिंतीतल्या आणि कारखान्यांतल्या यंत्रांची, जी एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही.

जागा मोठी करायची म्हणजे वेळेचा आकडा जिथे जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथली सगळी पॅकेजे एकदम बदलायची. एकाने लहान भांडे पुढे केले आणि दुसऱ्याने घागर ओतली तर काय होईल ते उघड आहे. हजाराहून अधिक सामाईक पॅकेजांची नावे बदलली गेली. प्रत्येकाला 'टी६४' अशी शेपटी लावली, म्हणजे जुने कोणते आणि नवे कोणते हे कळावे. या कामाच्या पुढाऱ्यांत स्टीव्ह लँगासेक नावाचा एक जाणता गृहस्थ होता. वीसेक वर्षांपूर्वी डेबियनच्या आवृत्त्या वेळेवर काढण्याची जबाबदारी त्याने वाहिली होती. फेब्रुवारीअखेर सिडमध्ये हा लोंढा उतरला आणि पुढचे कित्येक आठवडे सिडची दशा बाजार उठलेल्या मैदानासारखी झाली. एक बांधायला दुसरे लागे, दुसरे बांधायला तिसरे, आणि तिसरे बांधायला पहिले. अशा गाठी हातानेच सोडवाव्या लागत. भाच्याचा स्वतःचा कॉम्प्युटर सिडवरच चालतो. त्या दिवसांत त्याला साधा गाणी वाजवणारा प्रोग्रामसुद्धा घालता येईना. तो मला फोनवर सांगे आणि वर हसे.

त्याच्या वाट्याला आलेल्या पॅकेजांत एक लहानसे, जुने पॅकेज होते. ते अडले होते व्याकरणापायी. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिचेही नियम असतात, आणि ते तपासणारा एक कडक मास्तर असतो. त्याचे नाव 'जीसीसी'. इतकी वर्षे हा मास्तर एका विशिष्ट ढिलाईकडे नुसते डोळे वटारून पाही. २०२४ च्या मे महिन्यात त्याची चौदावी आवृत्ती निघाली, तेव्हापासून तो ती वही सरळ परत फेकतो. घड्याळाच्या कामात ही ढिलाई फार घातक, म्हणून डेबियनने काही यंत्रांपुरती ही सक्ती त्याच्याही आधीच सुरू केली होती. मराठीच्या वाचकाला हे पटकन समजावे. १९६२ साली आपल्या शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. पण जुनी पुस्तके आपण त्यांच्या सगळ्या अनुस्वारांसकट अजून उघडून वाचू शकतो. कल्पना करा, की नवे नियम लागू झाल्याक्षणी 'शाकुंतला'पासून सगळी पुस्तके कपाटात आपोआप कुलूपबंद झाली, आणि एकेकातला शेवटचा टिंब खोडल्याशिवाय ते उघडणारच नाही! तसे हे होते.

त्या पॅकेजाचा पालक युरोपातला कोणी वृद्ध गृहस्थ. तीन वर्षांत त्याचे अक्षर कोणी पाहिले नव्हते. दुरुस्ती अवघ्या सहा ओळींची. भाच्याने ती लिहून वहीत चिकटवली, त्याला एक पत्र पाठवले, आठवड्याने दुसरे पाठवले. दुसऱ्यात त्याने लिहिले होते, की तुम्हाला जमत नसेल तर मी पॅकेज सांभाळायला तयार आहे. लिहिण्यात गैर काही नव्हते.

धुळवड होऊन चार दिवस झाले होते. गुड फ्रायडेची सुटी जोडून भाचा गावी आला होता. २९ मार्चची रात्र. जेवणे होऊन आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि तो एकाएकी बोलायचा थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा पडद्याचा उजेड तेवढा दिसत होता. अक्काने विचारले, "कोण गेलं रे?" तिला वाटले, कुणाच्या मरणाची बातमी आली.

ती बातमी अशी होती. 'एक्सझेड' नावाचे, मजकूर दाबून लहान करणारे एक सामाईक पॅकेज आहे. ते बहुतेक सगळीकडे असते. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक प्रोग्रामर आपल्या कामासाठी सिड वापरीत होता. दूरच्या यंत्रात शिरताना आपल्याला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढे त्याला जाणवले. दुसरा कोणी असता तर त्याने चहा घेतला असता. हा त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि त्याच्या शेवटी त्याला एक चोरदार सापडले. एक्सझेडच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी ते बेमालूम बसवले होते. ते पक्क्या डेबियनमध्ये पोहोचले नव्हते. सिडमध्ये आणि तिच्या पुढच्या खोलीत मात्र शिरले होते. घड्याळाचे काम तिथल्या तिथे थांबले, बांधणीची यंत्रे पुन्हा कोरी करावी लागली. डेबियनने घाईने जुनी आवृत्ती परत आणली, पण आकडा मागे नेता येत नाही, म्हणून तिला नाव दिले, '५.६.१, खरे म्हणजे ५.४.५'. एवढ्या गोंधळात ते 'खरे म्हणजे' वाचून मला हसू आले. अशी शेपटी माझ्या काही जुन्या कथांनाही लावता येईल.

पण भाचा हसला नाही. चोर आत आला कसा, ते वाचून त्याचा चेहरा उतरला होता. तो रात्रीत भिंत फोडून आला नव्हता. मदतनीस म्हणून आला होता. एक्सझेडचा पालक एकटा होता, दमलेला होता, तसे त्याने पूर्वी मोकळेपणाने लिहिलेही होते. त्याच्याकडे हा अनोळखी माणूस दोन वर्षे नेमाने दुरुस्त्या पाठवीत राहिला. मध्येच आणखी काही अनोळखी नावे उगवली आणि पालकाच्या मागे लागली: तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. शेवटी त्याने किल्ली दिली.

"मामा," भाचा बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझं दुसरं पत्र वाचून बघा."

मी वाचले. काय बोलावे ते मला कळेना. शब्द जवळजवळ तेच होते.

"मी चोर नाही, हे त्यांना कसं कळणार?"

अक्का दारात उभी होती. तिला अर्धे समजले असावे, अर्धे नाही. पण मुलाच्या आवाजातले तिला पुरते समजले. इतके दिवस हे काम सोड म्हणून सांगणारी ती, त्या रात्री काहीच न बोलता ताक घेऊन आली.

मला आठवले, की आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात तो कोचीला डेबियनच्या जागतिक मेळाव्याला जाऊन आला होता. तिथे हे लोक एकमेकांचे पासपोर्ट पाहतात, चेहरे पाहतात, आणि मग एकमेकांच्या सहीच्या किल्लीला आपली साक्ष देतात. एरवी सगळा व्यवहार अदृश्य, पण कधीतरी एकदा माणसाने माणसाला समोर पाहिलेच पाहिजे, हा त्यामागचा विचार. तेव्हा ते मला पोरखेळ वाटले होते. त्या रात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या वृद्ध पालकाला तिसरे पत्र लिहिले. तुमचे पॅकेज मला नको आहे. ते तुमचेच आहे. या सहा ओळी आहेत, प्रत्येक ओळ कशासाठी ते खाली लिहिले आहे, कोणाकडूनही तपासून घ्या. त्याला स्वतः माल आत ठेवण्याचा अधिकार अजून नाही. एका जाणत्या सभासदाने ती दुरुस्ती तपासून, आपल्या सहीने, दहा दिवसांच्या रांगेत ठेवली. मग भाचा पुण्याला गेला आणि आम्ही इकडे दिवस मोजू लागलो. 'आम्ही' म्हणजे मी आणि अक्का. ती रोज संध्याकाळी सहज विचारल्यासारखे विचारी, "त्या म्हाताऱ्याचं काही आलं का?"

नवव्या दिवशी उत्तर आले. तीन वर्षे मुका असलेला तो गृहस्थ दोन ओळी बोलला. पहिली ओळ: दुरुस्ती बरोबर आहे. दुसरी: चौथ्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा उगाच सुटली आहे, ती काढावी. आभार नाहीत, खुलासा नाही, इतके दिवस कुठे होतो ते नाही. वाचून मला जो आनंद झाला तो मास्तरांनाच समजेल. ती मोकळी जागा शोधायला त्याने सहाही ओळी अक्षर अन् अक्षर तपासल्या असणार.

घड्याळाचे काम पुढे मार्गी लागले आणि ट्रिक्सीत पोहोचले. लँगासेक मात्र ती आवृत्ती पाहायला राहिला नाही. २०२५ साल उजाडता उजाडता तो गेला. भाच्याने त्याला कधी पाहिले नव्हते. तरी त्या दिवशी त्याने सुटी घेतली.

आता माझ्या आठ कॉम्प्युटरांविषयी. घड्याळ बदलताना डेबियनने एका जातीच्या यंत्रांना मुद्दाम वगळले. इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या घराण्याचे घड्याळ तसेच ठेवले, कारण त्या घराण्यासाठी लिहिलेले असे पुष्कळ जुने प्रोग्राम आहेत, ज्यांचा मूळ मजकूर कोणाजवळच नाही आणि म्हणून ते पुन्हा बांधता येत नाहीत. ते चालत राहावेत, एवढ्यासाठीच ते दालन राखले. पण त्याच वेळी असेही ठरले, की ट्रिक्सीपासून अशा यंत्रावर डेबियन नव्याने चढवायची सोय राहणार नाही. माझी आठही यंत्रे त्याच घराण्यातली.

मी भाच्याशी भांडलो. पोरक्यांना दत्तक घेणारे तुम्ही, मग ही आठ पोरे उंबऱ्याबाहेर कशी? तो शांतपणे म्हणाला, "मामा, ती यंत्रं बांधून, तपासून बघणारे हात उरले नाहीत. चार माणसं पुढं आली असती तर राहिलं असतं. इर्जिकीला कोणी आलंच नाही तर रान पडीकच राहणार ना?" माझाच शब्द माझ्यावर उलटवला, म्हणून मला राग आला, आणि तो बरोबर बोलत होता, म्हणून जास्त आला. जगात अशी यंत्रे टाकून देणारे देश पुष्कळ आहेत आणि वापरणारी गावे पुष्कळ आहेत, पण दुरुस्त करणारे हात पहिल्या ठिकाणी आहेत, हे त्या चार माणसांच्या हिशेबात बसत नाही, असे माझे मत मी त्याला सुनावले. त्याने ते नाकारले नाही. म्हणाला, "तुमच्या सातवीतली दोन पोरं द्या मला, पाच वर्षांनी."

२०२५ च्या गणपतीत तो आला तो एक जुना, पण ६४ बिटांचा कॉम्प्युटर पाठीवर घेऊन. त्याच्यावर ट्रिक्सी चढवली आणि तो खोलीत नववा म्हणून मांडला. बाकीचे आठ बुकवर्मवरच आहेत. त्यांतला एक पावसाळ्यात गेला, सात चालतात. निळे आंबे काढणारा मुलगा आता नववीत आहे. तो शाळा सुटल्यावर किल्ली मागायला येतो, आणि नवव्यावर काहीतरी मोडून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालेले असते. मी विचारीत नाही.

मोदकांच्या दिवशी अक्का सारण भरता भरता भाच्याला म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं पुढं काही कळलं का रे?"

"मधून मधून येतं. चुका काढतो."

"एकटाच असतो का?"

"मी कसं विचारणार, आई?"

"त्यात काय विचारायचं? जेवणाखाण्याचं कोण बघतं, एवढं विचार." तिने मोदकाची पाकळी मिटली आणि दुसरी पारी हातात घेतली. "आणि आज सण आहे म्हणून लिही. त्याला कळेल असं लिही."

भाच्याने हात धुतले आणि कॉम्प्युटर उघडला.